ईव्ह डॅलसचे वाचक आणि आपली समीक्षा

एम. ए.च्या वर्गात लोकप्रिय साहित्याचा घटक शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. रहस्यकथेची व्याख्या, तिचे घटक, तिची परंपरा हे सगळे फळ्यावर लिहून झाले, की मी विद्यार्थ्यांना विचारते, तुम्ही स्वतः यातले काय वाचता? बहुतेक वेळा वर्ग गप्प राहतो. विद्यार्थी वाचत नाहीत असे नाही. जे वाचतात ते वर्गात सांगण्याजोगे नाही, अशी त्यांची समजूत असते, आणि ती समजूत आपणच करून दिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मात्र उत्तर दिले. "मॅडम, मी जे. डी. रॉबची 'इन डेथ' मालिका वाचते. छत्तीस पुस्तकं झाली." मागच्या बाकावर कुणीतरी हसले. मी विचारले, त्यातले सर्वांत चांगले रहस्य कोणत्या पुस्तकात आहे? ती जराशी गोंधळली. "रहस्य नाही आठवत, मॅडम. खुनी कोण ते मी महिन्याभरात विसरते. पण डॉक्टर मॉरिसची मैत्रीण गेली ना, ते पुस्तक आठवतं."

मी "बरं" म्हटले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. तास संपवण्याची घाई होती हे खरे. पण माझ्याजवळ त्या उत्तराचे काय करावे याची सोय नव्हती, हे अधिक खरे. रहस्यकथेचे रहस्यच आठवत नाही आणि तरी छत्तीस पुस्तके वाचली, हे विधान माझ्या फळ्यावरच्या व्याख्येत बसत नव्हते. शिवाय एक गोष्ट मी वर्गापासून लपवली. ही मालिका मीही वाचत होते. २००४ साली एम. ए. करत असताना मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी तिचे एक पुस्तक उचलले होते, आणि तेव्हापासून ते वाचन अधूनमधून चालूच आहे. प्राध्यापकाने वर्गात कबूल करू नये अशा वाचनात ते जमा होते, इतकेच.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील प्रख्यात प्रणयकादंबरीकार नोरा रॉबर्ट्स यांनी जे. डी. रॉब या टोपणनावाने १९९५ साली 'नेकेड इन डेथ' ही कादंबरी प्रसिद्ध केली. टोपणनावातली आद्याक्षरे त्यांच्या जेसन आणि डॅन या दोन मुलांची. २००१ मधील बाराव्या पुस्तकापर्यंत लेखिकेची ओळख अधिकृतपणे जाहीर नव्हती. त्यानंतरही वर्षाला साधारण दोन या गतीने पुस्तके येत राहिली आणि २०२५ मधील 'बॉन्डेड इन डेथ' हे साठावे ठरले. ओघ त्यानंतरही थांबलेला नाही. कथानक घडते ते २०५८ सालापासून पुढे, न्यूयॉर्कमध्ये. नायिका ईव्ह डॅलस ही शहराच्या पोलीस खात्यात खुनांचा तपास करणारी लेफ्टनंट. पहिल्या पुस्तकात तिचे वय तीस. त्या पुस्तकातल्या खुनाचा एक संशयित असतो रोर्क: डब्लिनच्या गल्ल्यांतून चोऱ्यामाऱ्या करत वर आलेला, आता अर्ध्या जगाचा मालक असावा इतका श्रीमंत. तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तो तिचा पती होतो. पुढची सगळी पुस्तके या विवाहाच्या आतली आहेत.

भविष्यकाळ म्हणावा तर तोही फार विलक्षण नाही. खाजगी बंदुकांवर बंदी आहे, वेश्याव्यवसाय परवानाधारक आहे, पृथ्वीबाहेर वसाहती आहेत, भिंतीतले यंत्र सांगितलेला पदार्थ तयार करून देते. आणि खरी कॉफी इतकी दुर्मीळ व महाग झाली आहे, की रोर्कने ईव्हला पाठवलेली पहिली भेट म्हणजे कॉफीची पिशवी. प्रेमपत्राऐवजी कॉफी हा तपशील माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक वाचकाला आठवतो. रहस्य आठवत नाही, कॉफी आठवते.

आता या 'आठवणे' आणि 'न आठवणे' यांचाच विचार करायचा आहे.

रहस्यकथेच्या वाचकाला समीक्षकाने जुमानले नाही, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एडमंड विल्सनचे. १९४४ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये त्याने लोक गुन्हेशोधकथा वाचतातच कशाला असा प्रश्न करणारा लेख लिहिला. वाचकांची निषेधाची पत्रे ढिगाने आली. तुम्ही चुकीची पुस्तके वाचलीत, अमुक वाचा, तमुक वाचा. विल्सनने त्यांतली काही वाचली आणि १९४५ मध्ये दुसरा लेख लिहून आपले मत अधिकच कठोर केले. रॉजर ॲक्रॉइडचा खून कोणी केला याची फिकीर कोणाला, असे त्या लेखाचे शीर्षकच होते. हा लेख आम्ही विद्यार्थिदशेत मोठ्या आनंदाने वाचला होता. आज वाटते, विल्सनने पत्रांत सुचवलेली पुस्तके वाचली, पण पत्रे वाचली नाहीत. इतकी माणसे रागावून लिहितात त्या अर्थी त्यांचे या पुस्तकांशी काहीएक नाते आहे, ते नाते काय असावे, हा प्रश्न त्याला पडला नाही. गंमत अशी, की त्याने उपहासाने विचारलेला प्रश्न माझ्या विद्यार्थिनीने सरळ मान्य केला. खुनी कोण याची तिलाही फिकीर नाही. आणि तरी ती वाचते. विल्सनच्या हिशोबात असा वाचक संभवतच नाही.

याउलट रहस्यकथेचा कैवार घेणारे समीक्षकही तिच्या मदतीला येत नाहीत. त्यांची कसोटी वाचकाशी खेळलेल्या प्रामाणिक डावाची असते: सगळे दुवे वाचकासमोर ठेवायचे आणि तरी त्याला चकवायचे. भविष्यकालीन रहस्यकथेसमोर ही कसोटी आणखी अवघड होते. लेखकाने ऐनवेळी एखादे नवे यंत्र काढले आणि त्याने खुनी सापडला, तर वाचकाने डोके कशाला चालवायचे? विज्ञानकथा आणि गुन्हेशोधकथा यांचा मेळ बसणार नाही, असे संपादक जॉन कॅम्बेल म्हणत असे, आणि आयझॅक ॲसिमॉव्हने 'द केव्ह्ज ऑफ स्टील' लिहून त्याला उत्तर दिले. १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत त्याने भविष्यातील समाजाचे आणि यंत्रमानवांचे नियम आधीच स्पष्ट करून ठेवले आणि त्या नियमांच्या चौकटीतच कोडे सोडवून दाखवले. तर्काच्या दृष्टीने ते उत्तर निर्दोष आहे. ॲसिमॉव्हचा इलायजा बेली मला आवडतो. पण त्याच्या घरी जेवायला काय होते याची चौकशी करावीशी मला कधी वाटलेली नाही. रॉबचे वाचक ईव्हच्या घरची चौकशी करतात, तिच्या गॅलहॅड नावाच्या लठ्ठ बोक्याचीसुद्धा. आणि रॉब डाव प्रामाणिकपणे खेळते का, असे विचाराल तर अनेकदा खेळत नाही. कित्येक पुस्तकांत खुनी कोण हे मध्यावरच सांगून टाकलेले असते, काहींत तर त्याच्याही आधी. उरलेली पाने त्याला पकडण्याची आणि समोर बसवून बोलते करण्याची.

मी गेल्या दोन वर्षांत या मालिकेच्या वाचकांशी मुद्दाम बोलले. संख्या मोठी नाही. आमच्या इंग्रजी विभागातील एक सहकारी, तिची बहीण, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोन माजी विद्यार्थिनी, न्यू जर्सीत राहणारी माझी नणंद. याला सर्वेक्षण म्हणता येणार नाही आणि मला तसे म्हणायचेही नाही. पण त्यांच्या बोलण्यात जे वाद पुन्हापुन्हा निघाले ते आपल्या समीक्षेने उचलण्याजोगे आहेत.

पहिला वाद ईव्हच्या भूतकाळाचा. ईव्ह आठ वर्षांची असताना डॅलस शहरातल्या एका गल्लीत हात मोडलेल्या, रक्ताने माखलेल्या अवस्थेत सापडली. आपण कोण हे तिला सांगता येईना, म्हणून शहराचेच नाव तिला आडनाव म्हणून मिळाले. बापाने तिच्यावर अत्याचार केले होते आणि अखेरच्या रात्री त्या लहान मुलीने त्याला ठार केले, ही स्मृती तिला सुरुवातीच्या पुस्तकांत तुकड्यातुकड्यांनी परत येते. पुढे कितीतरी पुस्तकांत ती दुःस्वप्नांतून दचकून उठते. २०११ मधील 'न्यूयॉर्क टू डॅलस'मध्ये तिला एका गुन्हेगाराच्या मागावर त्याच शहरात जावे लागते, आणि त्या गुन्हेगाराची साथीदार तिची स्वतःची आई निघते. आई तिला ओळखत नाही.

निवृत्त गृहस्थांचे म्हणणे असे, की हे फार लांबवले आहे. "एकदा कळलं, दोनदा कळलं. दर पुस्तकात तेच स्वप्न कशाला?" लेखिका पाने भरते, असा त्यांचा स्पष्ट आरोप. माझ्या सहकारी मैत्रिणीचे मत नेमके उलट. ती म्हणाली, आघात झालेल्या माणसाला एकदा रडून मोकळे करायचे आणि पुढच्या प्रकरणात हसवायचे, हे कादंबरीकार नेहमीच करतात. इथे लेखिका तसे करत नाही. सोळाव्या पुस्तकात बरी वाटलेली बाई विसाव्यात पुन्हा कोसळते, कारण माणसे तशीच कोसळतात. मग तिने एक वाक्य जोडले, जे मी तिच्या संमतीने इथे लिहीत आहे: "माझ्या घरात असं एक माणूस आहे. त्याला बरं व्हायला किती पुस्तकं लागतील, मला माहीत नाही."

यावर वाङ्मयीन चर्चा कशी करायची? मला वाटते, करता येते, आणि ती केली पाहिजे. तोदोरोव्हने १९६६ मध्ये गुन्हेशोधकथेची रचना उलगडताना म्हटले, की तिच्यात दोन कथा असतात: एक गुन्ह्याची, ती आधीच घडून गेलेली, दुसरी शोधाची, ती आपल्यासमोर घडणारी. हे एका पुस्तकापुरते चोख आहे. साठ पुस्तकांच्या मालिकेत मात्र तिसरी एक कथा तयार होते, जी कोणत्याही एका पुस्तकात पूर्ण सापडत नाही. शोध घेणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे काय होत गेले, ही ती कथा. प्रत्येक खुनाचा उलगडा अडीचशे-तीनशे पानांत होतो. ईव्हचा होत नाही. दर पुस्तकात एक रहस्य सुटते आणि एक तसेच शिल्लक राहते, अशी ही बांधणी आहे. दुःस्वप्नाची पुनरावृत्ती या तिसऱ्या कथेच्या मापाने मोजायला हवी. निवृत्त गृहस्थ ती एका पुस्तकाच्या मापाने मोजतात, म्हणून त्यांना ती भरताड वाटते. तसे मोजण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आमच्यासारख्या शिक्षकांना तो तितकासा नाही, कारण आम्ही रचनेविषयी बोलण्याचा पगार घेतो.

हे म्हणताना मी मालिकेतल्या सगळ्याच पुनरावृत्तीची बाजू घेते असे समजू नये. ईव्हला वाक्प्रचार नीट येत नाहीत हा विनोद पहिल्या दहा पुस्तकांत गोड वाटतो. चाळिसाव्यात तो लेखिकेने कर्तव्य म्हणून केल्यासारखा वाटतो. रोर्कचा कारभारी समरसेट आणि ईव्ह यांची दारातली रोजची चकमकही तशीच. माझी नणंद म्हणते, नेमके तेच तिला हवे असते. रात्रपाळीहून आल्यावर ओळखीच्या घरात शिरल्यासारखे वाटते. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात अमेरिकेतील एका गावातल्या प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून असेच काही नोंदवले होते. त्या स्त्रियांच्या दृष्टीने पुस्तकात काय आहे याइतकेच, पुस्तक हातात असताना घरचे कुणी हाक मारत नाही, हेही महत्त्वाचे होते. रॅडवे यांनी वाचकांची मते ऐकली आणि त्यांच्याशी मतभेदही राखले. विल्सनला न जमलेली ही गोष्ट आहे. नणंदेचे समाधान खरे आहे आणि तो विनोद शिळा झाला आहे, ही दोन्ही विधाने मला एकाच वेळी करता यायला हवीत.

आपल्याकडे तर याचे वावडे असण्याचे काही कारण नव्हते. कीर्तनाला बसलेल्या माणसाला उत्तररंगातले आख्यान आधीपासून ठाऊक असते. बुवा ते आज कसे लावतात, कुठे थांबतात, एवढ्यासाठीच तो बसलेला असतो. पुनरुक्ती ऐकण्याचे शिक्षण घेतलेल्या समाजाने पुनरुक्ती हा सरसकट दोष कधीपासून मानला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसरा वाद रोर्कचा, आणि इथे मी बहुसंख्य वाचकांच्या विरोधात आहे. रोर्क बहुतेकींना प्रिय आहे. देखणा, हुशार, पत्नीच्या कामाचा आदर करणारा, ती जेवली का हे विचारणारा. तिच्या तपासात तो मदत करतो, आणि ती मदत कशी? घरातल्या एका खोलीत सरकारी नोंदणी नसलेली, पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेला चुकवणारी संगणकसामग्री आहे. तिच्यावर बसून तो लोकांची बँकखाती, बंद केलेल्या फायली, खाजगी इतिहास उकरून काढतो. ईव्हला सुरुवातीला याची बोच असते. हळूहळू ती बोथट होत जाते. मी हे काढले तेव्हा माझ्या दोन्ही माजी विद्यार्थिनींनी मला एकसुरात उत्तर दिले: "पण मॅडम, तो खुन्यांविरुद्धच वापरतो ना!"

१९९५ मध्ये हे उत्तर चालून गेले असते. खाजगी माहिती धनिकांच्या हाती एकवटण्याचे परिणाम आज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते इतके सहज पचू नये. जगातल्या निम्म्या वस्तू ज्याच्या मालकीच्या, त्यानेच पोलिसांच्या फायली उघडायच्या, आणि आपण त्यावर फिदा व्हायचे, कारण तो कॉफी चांगली करतो! या मालिकेतले भविष्य ज्या ठिकाणी सर्वांत खरे ठरले ते ठिकाण लेखिकेने प्रणयाच्या मखमलीत गुंडाळून ठेवले आहे. वाचकांनी ते तसेच स्वीकारले, हे माझे त्यांच्याशी असलेले भांडण.

लेखिकेला याची जाण नाही असे मात्र म्हणता येत नाही. २००४ मधील 'डिव्हायडेड इन डेथ' पाहावी. ईव्हच्या बालपणी तिच्या बापावर एक सरकारी गुप्तचर यंत्रणा पाळत ठेवून होती. त्या मुलीचे काय चालले आहे हे त्यांना ऐकू येत होते आणि कुणी दार ठोठावले नाही, हे रोर्कला कळते. त्याला त्या माणसांना शोधून मारायचे आहे, आणि ते करण्याची ताकद त्याच्याजवळ आहे. ईव्ह नको म्हणते. ती पोलीस आहे, आणि तिच्यासाठी म्हणून केलेला खूनही तिच्या लेखी खूनच असेल. त्या पुस्तकात हे दोघे एका घरात राहून परके होतात. अखेरीस तो माघार घेतो, पण ते पटल्यामुळे नव्हे, तिच्यासाठी. हा फरक लेखिकेने पुसून टाकलेला नाही. माझ्या मते मालिकेतले हे सर्वांत कसदार पुस्तक, कारण इथे रोर्कच्या सामर्थ्याला प्रथमच किंमत मोजावी लागते. मालिकेने हा धागा पुढे ताणून धरला असता तर ती आणखी मोठी झाली असती. तसे झाले नाही. पुढच्या पुस्तकांत नोंदणी नसलेली खोली पुन्हा सोयीची खोली होते.

हे मी सहकारी मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुला रोर्क हा विचार म्हणून दिसतो. आम्हांला तो माणूस दिसतो." तिचा टोला मला लागला आहे. त्याचे उत्तर अद्याप माझ्याकडे नाही.

काळाविषयी थोडे. मालिका तीस वर्षे चालू आहे. तिच्या आत मात्र तीनेक वर्षेच उलटली आहेत. पहिल्या पुस्तकाच्या वेळी पंचविशीत असलेली वाचक आज पंचावन्नची झाली आणि ईव्ह जेमतेम तिशी ओलांडून पुढे सरकली. मालिकाकारांपुढचा हा जुनाच पेच. एड मॅकबेनने सत्याऐंशीव्या ठाण्याच्या कथा १९५६ पासून २००५ पर्यंत लिहिल्या आणि पोलिसांचे वय जवळपास थांबवून ठेवले. सू ग्राफ्टनने १९८२ पासून २०१७ पर्यंत वर्णमालेच्या अक्षरांवर पंचवीस कादंबऱ्या लिहिल्या, पण नायिकेला १९८०च्या दशकातून बाहेर पडू दिले नाही. ग्राफ्टनला त्यामुळे जग जुने होत चालल्याची चिंता उरली नाही. रॉबची गोष्ट उलटी: तिचे भविष्यच जुने होत चालले आहे. ईव्हच्या हातातले चित्रसंभाषणाचे यंत्र १९९५ साली कल्पना होती, आज ते माझ्या कामवाल्या मावशींच्या पिशवीत आहे. आणि २०५८ मधले पोलीस पुरावे तबकड्यांवर साठवून इकडून तिकडे नेतात! काही वाचकांना याचे हसू येते. मला ते आवडते. भविष्यकथा तिच्या लेखनकाळाचाच दस्तऐवज असतो, हे वर्गात समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

लेखिकेच्या मागे दुसराच कुणी लिहितो अशी शंकाही काही वाचक घेतात. अमुक पुस्तकाची भाषा निराळी वाटते म्हणतात. आपली पुस्तके आपणच लिहितो, असे नोरा रॉबर्ट्स यांनी स्पष्टपणे सांगितले आहे आणि ते अविश्वासार्ह मानण्याचे कारण मला दिसत नाही. पण शंकेच्या मुळाशी असलेली गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शैलीतला किंचित बदल ओळखणारा वाचक असावधपणे वाचत नसतो. आमच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातल्या कादंबरीकाराची शैली इतक्या कानाने ओळखली असती, तर मी पेढे वाटले असते.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या उत्तराकडे. तिने सांगितलेले पुस्तक म्हणजे २००९ मधील 'प्रॉमिसेस इन डेथ'. मॉरिस हा खात्याचा शवचिकित्सक. आधीच्या अनेक पुस्तकांत तो मृतदेहांशी हळुवार बोलताना, सॅक्सोफोन वाजवताना भेटलेला. या वेळी ज्या पोलीस अधिकारी स्त्रीचा खून होतो ती त्याची प्रिया आहे. त्याला ही बातमी द्यायला ईव्हला त्याच्या दारी जावे लागते. तोवर मॉरिस दर पुस्तकात दोन-चार पानांचा धनी होता. वाचकाने त्याला नकळत जमा करून ठेवलेला असतो, आणि त्या दारात ती सगळी जमा एकदम अंगावर येते. ज्याने मालिकेतले केवळ हेच पुस्तक वाचले त्याला हा प्रसंग बरा वाटेल. ज्याने आधीची वाचली त्याला तो विसरता येणार नाही. एकाच मजकुराचे दोन वेगळे परिणाम, आणि फरक केवळ वाचकाजवळच्या आठवणीचा. याऊस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते मी वर्गात दरवर्षी शिकवते. माझ्यासमोर ते क्षितिज घेऊन एक मुलगी उभी होती आणि मी तिला "बरं" म्हणाले.

अलीकडे या सगळ्यामुळे मला बाबुराव अर्नाळकरांची आठवण येते. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड ही नावे एका अख्ख्या पिढीच्या जिभेवर होती. गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद यांचेही तसेच. या मालिकांवर आपल्याकडे लिहिले गेले ते बहुधा आकड्यांविषयी: किती लिहिल्या, किती खपल्या, किती दिवसांत लिहिल्या. वाचकांना त्यांत काय आवडत होते, कशाचा कंटाळा येत होता, कोणत्या पुस्तकानंतर त्यांनी ती मालिका सोडली, याची नोंद कोणी ठेवली? फिरत्या वाचनालयाच्या वह्या रद्दीत गेल्या. त्या वाचकांतले जे आहेत ते आज ऐंशीच्या घरात आहेत.

मागच्या दिवाळीत मी माझ्या मामांना विचारले. वय चौऱ्याऐंशी. गिरगावातल्या वाचनालयातून आणलेली अर्नाळकरांची पुस्तके ते आणि त्यांचा धाकटा भाऊ चादरीत शिरून वाचत. मी वही घेऊन बसले. कोणती कथा आठवते? एकही नाही. खून कोणी केला? "ते कोण लक्षात ठेवतो गं!" मग काय आठवते, मामा? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुस्तक एकच असायचं. अर्धं मी वाचायचो, मग अर्धं त्याला द्यायचो. तो पुढचं वाचून झाला की मला सांगायचा. त्याने खरं सांगितलं की बनवून, हे मी कधी ताडून पाहिलं नाही." धाकटे मामा १९९१ मध्ये गेले. मी वहीत काही लिहिले नाही.

त्या विद्यार्थिनीला या सत्रात मी प्रकल्पासाठी 'इन डेथ' मालिकेचा विषय दिला आहे. तिने मान्य केले, एका अटीवर. "मॅडम, त्रेपन्नावं वाचते आहे. पुढचं सांगू नका."